विमानतळावर आवतन येत नाही

आमच्या तिरोडा तालुक्यात जेवणाचं सांगणं दोनदा येतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला कोणी बावळट म्हणायच्या आधी जरा विचार करील. सकाळी कार्यघरचा माणूस दारोदार फिरून आवतन देऊन जातो. ते नुसतं कळवणं असतं. मग स्वयंपाक होतो, पत्रावळी मांडल्या जातात आणि तोच माणूस पुन्हा दारात येऊन म्हणतो, "चला जी, जेवाले चला." तेव्हा उठायचं. त्याआधीच जो मांडवात जाऊन बसला, तो हावरा. पोटात कावळे ओरडत असले तरी माणसं ओट्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा खात बसून राहतील, पण दुसरं बोलावणं आल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाहीत. मीही त्यातलीच. वर मी अंगणवाडी सेविका. अर्धं आयुष्य माझी सकाळ लोकांच्या दारात उभं राहून लेकरांना हाका मारण्यात गेली. बोलावल्याशिवाय कोणी येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

माझी मुलगी नर्स आहे. नागपूरला शिकली आणि केरळात कोच्चीला एका दवाखान्यात लागली. तिथं तिच्याच वॉर्डात काम करणारा एक मुलगा, तोही नर्स, तिथलाच, ख्रिस्ती घरचा. दोघांचं जमलं. पुढं दोघांनाही जर्मनीत नोकरी लागली, जायची तारीख आली, तेव्हा त्यांनी रजिस्टर लग्नाची नोटीस दिली. आपल्या बुद्धविहारात लावू, थोडे दिवस थांबा, असं मी म्हणून पाहिलं. पण थांबायला दिवसच नव्हते. सह्या गुरुवारी सकाळी अकराला ठरल्या. तीन साक्षीदार लागतात, त्यातले दोन मुलाकडचे होते.

"तिसरी सही तुही, आई," मुलगी फोनवर म्हणाली. "तू नाई आली त माही मैत्रीण करन. सहीवाचून काही अडत नाई. पण मंग माह्या बाजूनं घरचं कोनीच नसन."

एवढं बोलून ती गप्प झाली. बडबडी पोर आहे माझी. तिचं गप्प होणं मला लगेच समजतं.

राहिले तिचे बाबा. ह्यांचं म्हणणं एकच. "पोराकडचं कोनी आपल्या दारात आलं? आवतन देलं? नाई ना? मंग मी कायले जाऊ?" मुलगा ख्रिस्ती आहे, भाषा वेगळी आहे, याचं त्यांना काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. त्यांना दारात माणूस यायला हवा होता.

मी म्हटलं, "अजी, केरळातून कोन येनार हाय तुमच्या ओट्यावर? त्या पोरानं फोनवर नमस्कार केला ना?"

"फोन म्हंजे आवतन होय का?"

पोरगी बापाच्या वरताण. "माह्या लग्नाचं आवतन मी माह्याच बापाले देऊ? त्यायले समजत नाई का?" दोघांचंही नाक वर आणि मधल्या मधे मी. दोन दिवस फोनवर बापलेकीचं भांडण झालं, तिसऱ्या दिवसापासून अबोला. शेवटी मी सुटीचा अर्ज टाकला आणि मुलीला सांगितलं, माझं एकटीचं तिकीट काढ. तिनं बुधवारचं काढलं. सकाळी बिरसीहून, म्हणजे आमच्या गोंदियाच्या विमानतळावरून, हैदराबाद, तिथं पाच तास थांबायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या विमानानं कोच्ची. ते दुसरं विमान चुकलं तर पुढचं थेट गुरुवारी दुपारी. म्हणजे सह्या होऊन, मिठाई वाटून झाल्यावर मी पोचणार. हे तिनं मला तीनदा बजावलं होतं.

बिरसीपर्यंत मात्र ह्यांनीच मोटरसायकलवर आणून सोडलं. पिशवीला दोरी बांधली, ओढून पाहिली, पुन्हा बांधली. विमानतळाच्या दारात पहारेकऱ्यानं सांगितलं, ज्याचं तिकीट त्यानंच आत जायचं. हे म्हणाले, "पोचली का फोन कर." मुलीबद्दल चकार शब्द काढला नाही. मला असा राग आला की मी तडक आत निघाले, मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, एकदा पाहिलं. गाडी चालू न करता हे तसेच उभे होते.

बिरसीचं विमानतळ आमच्या आवाक्यातलं आहे. चार खुर्च्यांच्या रांगा, ओळखीचं बोलणं. कोणी तिरुपतीला निघालेलं, कोणी मुलाकडे. थोड्या वेळानं गणवेशातली एक मुलगी खुर्च्यांपाशी आली आणि म्हणाली, "चलिए, हैदराबादवाले चलिए." आम्ही सगळे उठलो. मला मोठं बरं वाटलं. म्हटलं, इथंही आपल्यासारखीच रीत आहे. मोठ्या विमानतळावर मोठ्या थाटानं बोलावतील, एवढाच काय तो फरक.

विमान पंख्याचं होतं, लहानसं. वर उठलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा खाली आमचा जिल्हा पसरलेला. धानाचे रोवणे नुकते आटोपले होते. प्रत्येक बांधी, धानाचा एकेक तुकडा, वेगळी दिसत होती, कोणी आधी रोवली, कोणी उशिरा, ते हिरव्या रंगावरून कळत होतं. मी जन्मभर त्या बांध्यांच्या धुऱ्यावरून चालले, चिखलात वाकले, पण त्यांचा आकार मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. एकही चौकोनी नाही. लांब तिरोड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या आणि त्यांच्यापलीकडे पाण्याचा एक तुकडा चमकला. ते बोदलकसाचं तळं असावं. नसेलही, पण मी ते बोदलकसाच असं ठरवून टाकलं. आपण राहतो ते इतकं देखणं आहे आणि आपल्याला कोणी सांगितलंच नाही, असं वाटून मला उगाच भरून आलं. शेजारचा माणूस झोपला होता. त्याला उठवून दाखवावं असं मनात आलं, पण आवरलं.

हैदराबादला उतरले आणि आ वासून उभी राहिले.

काय सांगू त्या जागेबद्दल. मी गोंदियाचं रेल्वे स्टेशन पाहिलेलं, नागपूरचं पाहिलेलं. मोठं म्हणजे तेवढं, अशी माझी समजूत. इथं छत इतकं उंच की आमच्या गावचं पिंपळाचं झाड आत उभं केलं तरी शेंडा टेकणार नाही. आणि फरशी. ती इतकी चकचकीत होती की मला वाटलं, आत्ताच कोणी पाणी टाकून पुसली आहे, म्हणून मी साडी दोन बोटं वर उचलून टाचांवर चालू लागले. बरंच अंतर तशी चालले. मग पाहिलं तर सगळे बिनधास्त चालताहेत आणि फरशी कोरडी ठणठणीत. मी हळूच साडी सोडली. कोणी पाहिलं नसावं. पाहिलं असलं तरी त्या गर्दीत मला कोण ओळखतं?

पुढं चालता पट्टा आला. उभं राहा, जमीन तुम्हाला घेऊन जाते. मी त्याच्या बाजूला उभी राहून आधी दहा-पंधरा माणसं जाऊ दिली, पाय कसा ठेवतात ते पाहिलं. एक म्हातारी बाई सहज चढून गेली, तेव्हा म्हटलं, हिला जमतं तर मला काय धाड भरली आहे? ठेवला पाय. कठडा घट्ट धरून शेवटपर्यंत गेले, उतरले, आणि कोणाला सांगू नका, परत फिरून दुसऱ्या पट्ट्यानं मागं आले आणि पुन्हा एकदा गेले. पाच तास होते माझ्याकडे.

एका ठिकाणी विमानांच्या नावांची मोठी पाटी होती. दिल्ली, चेन्नई, पुणे, अशी नावं सरकत होती. त्यात एकदम गोंदिया दिसलं. मी थांबलेच. ज्या गोंदियाला आमच्याकडची माणसं बाजाराला, दवाखान्याला, राइस मिलमध्ये धान विकायला जातात, ते गोंदिया दिल्लीच्या खाली त्याच अक्षरांत, तेवढ्याच मापाचं लिहिलेलं. मला तिथं उभं राहून सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की हे आमचं आहे. त्याऐवजी मी त्याचा फोटो काढला. तो आजही माझ्या फोनमध्ये आहे, हललेला आहे, पण गोंदिया वाचता येतं.

संडासाची वाट विचारत गेले, तर तिथं नळाला तोटीच नाही. हात खाली धरला की पाणी आपोआप येतं, काढला की बंद. मी तोटी शोधत होते, तेव्हा तिथं फरशी पुसणाऱ्या बाईनं हसून माझा हात धरला आणि नळाखाली नेला. माझ्याच वयाची असेल. तिची हिंदी हैदराबादची, माझी गोंदियाची, पण जमलं. मी तिला सगळं सांगून टाकलं: मुलगी, कोच्ची, उद्या अकराला सह्या, तिच्या बाजूनं मी एकटी. पिशवीत वरच ठेवलेली पांढरी साडी तिला काढून दाखवली. आमच्यात नवरीला पांढरी साडी असते, बारीक जरीचा काठ. ती साडी मी सामानात जाऊ दिली नव्हती, हातातच ठेवली होती. त्या बाईनं ओले हात आधी पदराला पुसले आणि मग काठाला बोट लावलं. "अच्छी है अम्मा," म्हणाली.

मग मी माझ्या गेटापाशी जाऊन बसले. पासावर छापलेला आकडा आणि खांबावरचा आकडा दोनदा जुळवून पाहिला. समोर पूर्ण काचेची भिंत आणि काचेपलीकडे विमानं. एक उतरतं, दुसरं त्याच्या मागं आकाशात दिव्यासारखं लटकलेलं, त्याच्या मागं तिसरा ठिपका. त्यांच्या पोटातून माणसं निघताहेत, पेट्या निघताहेत, पोटात पुन्हा माणसं जाताहेत, आणि ते अजस्र धूड जमीन सोडून उडतंय. मी डबा उघडून उडदाचा वडा हातात घेतला होता, तो तसाच हातात राहिला. हे सगळं माणसानं केलं आहे, आपल्यासारख्याच दोन हातांच्या माणसानं, असं मनात आलं आणि अंगावर काटा आला. खरंच आला. देव-बिव मी मानत नाही, पण त्या काचेसमोर बसून माझे हात जोडल्यासारखे मांडीवर एकत्र आले होते.

सगळ्यात जास्त नवल वाटलं ते शांततेचं. इतकी माणसं, एका जत्रेएवढी, आणि आवाज नाही. गोंदिया स्टेशनात भोंगा ओरडतो, चहावाला ओरडतो, माणसं एकमेकांना हाका मारतात. इथं कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. माणसं येत होती, वर पाटीकडे बघत होती आणि आपोआप बरोबर वाटेला लागत होती. केवढी ही शिस्त, असं मी मनात म्हणत होते. ती शांतता माझ्यासाठी पण आहे, हे मात्र माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

साडेचारच्या सुमारास माझ्या गेटावर रांग लागली. लोक घाईघाईनं उठले, एकमेकांच्या पुढे उभे राहिले. मी पाहिलं आणि मनात हसले. पहिल्या पंगतीला पळणारी माणसं सगळीकडं असतातच. मला बोलवायला कोणी आलं नव्हतं. बिरसीला कसं खुर्चीपाशी येऊन बोलावलं होतं, तसं इथंही येतील. मी ताठ बसून राहिले. रांग आत गेली, दार लागलं. गणवेशातली माणसंही निघून गेली. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मला वाटलं, पंगत उठली, आता पत्रावळी उचलतील, जागा साफ करतील आणि मग आपल्याला बोलावतील. मी वडा खाऊन घेतला, बोटं पुसली, केस नीट केले. बोलावणं आलं की लगबग नको.

मुलीला फोन करायचा प्रश्न नव्हता. ती सहापर्यंत वॉर्डात, फोन कपाटात. विमानवाल्यांचे जे काही निरोप यायचे ते तिच्या नंबरवर जात होते, कारण तिकीट तिनं काढलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं.

तेवढ्यात ती फरशी पुसणारी बाई आपली गाडी ढकलत आली. मला पाहून थबकली.

"अम्मा, तुम अभी तक यहाँ?"

"बुलाया नहीं किसीने," मी म्हटलं. आणि जरा तोऱ्यातच म्हटलं, हेही सांगते.

तिनं माझ्या हातातून पास घेतला, वरच्या पाटीकडे पाहिलं, पुन्हा पासाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "गेट बदल गया अम्मा. ये तो चेन्नई का गया. तुम्हारा उधर है, बहुत दूर."

"तो बताना था ना आके."

"बोर्ड पे बताया ना." मग तिनं माझा दंड धरून मला उभं केलं. "यहाँ कोई बुलाने नहीं आता, अम्मा. खुद देखना, खुद उठना. चलो, भागो."

तिला तिची जागा सोडून यायची मुभा नव्हती. तिनं हातानं दाखवलं: सरळ, मग पट्टा, मग डावीकडे, मग खाली. मी घड्याळात पाहिलं. विमान सुटायला वीस मिनिटं होती.

मी धावले. पन्नाशी उलटलेली बाई, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात निऱ्या. तीच ती फरशी, जिच्यावर मी साडी उचलून चालले होते, आता संपता संपेना. दुपारी जे मोठेपण पाहून मी थक्क झाले होते, त्या मोठेपणाची आता मला भीती वाटत होती. चालत्या पट्ट्यावर मी कठडा न धरता पळाले. एक पाऊल टाकलं की दोन पडत होती. "सरका, सरका जी," मी मराठीत ओरडत होते आणि ती सगळी शिस्तीची माणसं मुकाट्यानं सरकत होती. त्या एवढ्या मोठ्या जागेत ओरडणारी मी एकटीच होते. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं. टेबलामागं साहेब, मुलाच्या बाजूला त्याची माणसं आणि माझ्या पोरीच्या बाजूला भिंत. स्वतःचा असा संताप आला की काय सांगू. नवऱ्याला दहा दिवस मी आडमुठा, हट्टी, काय नाही ते म्हटलं. आणि मी काय केलं? तेच. ते गावात आवतनाची वाट बघत बसले होते आणि मी हैदराबादेत.

खाली पोचले तेव्हा रांग नव्हती. काचेच्या दारापाशी एक तरणा माणूस कागद गोळा करत होता. "बोर्डिंग क्लोज हो गया, मॅडम."

मी दारावर हात टेकून दम घेतला. मग म्हटलं, "बेटा, लड़की की शादी है. उसकी तरफ से अकेली मैं हूँ. दूसरा कोई नहीं है." मला रडायचं नव्हतं, पण रडू आलं.

त्यानं हातातल्या यंत्रात काहीतरी विचारलं, उत्तराची वाट पाहिली. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी. मग त्यानं पास घेतला, अर्धा फाडला आणि दार उघडलं. "नीचे आखिरी बस खड़ी है. जल्दी."

बस थांबली होती ती माझ्यासाठी नव्हेच. चाकाच्या खुर्चीतल्या एका आजोबांना वर चढवत होते, त्याला वेळ लागत होता. त्या आजोबांचे गुडघे बरे असते तर मी राहिलेच होते. बसमध्ये मी त्यांच्या शेजारीच उभी राहिले. त्यांना मराठी येत नव्हतं, तरी मी त्यांना म्हटलं, "उपकार झाले बाबा तुमचे." त्यांनी मान हलवली.

विमानात बसल्यावर दार लागायच्या आत ह्यांना फोन लावला. दम अजून लागलेलाच होता. काय झालं ते सगळं सांगितलं, गाळलं काहीच नाही. रांगेला हसले तेही सांगितलं.

हे म्हणाले, "अन् चुकलं असतं त?"

"त काय? पोरीच्या बाजूनं कोनी नसतं. तुमी आवतनासाठी बसले, मी बोलावन्यासाठी बसली. दोघंही मानपानवाले."

तेवढ्यात हवाई सुंदरी आली आणि मला फोन बंद करावा लागला.

कोच्चीला मुलगी दारातच उभी होती, वॉर्डातून तशीच आलेली. तिनं मला इतकं घट्ट धरलं की माझी पिशवी खाली पडली. हैदराबादचा किस्सा मी तिला त्या दिवशी सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी तिला पांढरी साडी नेसवली, निऱ्या मी बसवल्या. मुलगा दारात आला, वाकून माझ्या पायांना हात लावला. चांगला आहे पोरगा, डोळ्यांत डोळे घालून बोलतो.

रजिस्ट्रारचं ऑफिस म्हणजे आमच्या तहसीलसारखंच. टेबल, पंखा, फायली. साहेब बाई होत्या. मुलाकडची चार-पाच माणसं एका बाजूला बसली. दुसऱ्या बाजूला मी आणि माझ्या शेजारी एक रिकामी खुर्ची. बाईंनी रजिस्टर उघडलं, पेन मुलीपुढं सरकवलं, आणि माझा फोन वाजला. कापणारच होते, पण ह्यांचा होता.

"कोटी हाव जी, घरी का बाहेर?" मी हळूच विचारलं. मागं वाऱ्याचा आवाज येत होता.

"बिरसीले."

"बिरसीले काय करून राहिले?"

"तिकिटाची खिडकी पाहून राहिलो. इथं खिडकीच नाई म्हनते हा शिपाई. फोनवर काढा लागते म्हनते. अन् आजचं विमान गेलं."

मी म्हटलं, "तुमाले कोनी जा म्हनलं?"

"कोनी नाई," हे म्हणाले. "मीच उठलो."

मी फोन मुलीच्या हातात दिला. तिनं कानाला लावला, "बाबा" म्हणाली आणि नुसती ऐकत राहिली. मग तिनं फोनचा आवाज मोठा केला आणि तो टेबलावर, रजिस्टरच्या शेजारी ठेवला. साहेब बाईंनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. मग रजिस्टर मुलीकडे वळवलं. मुलीनं सही केली. मुलानं केली. त्याच्याकडच्या दोघांनी केली. शेवटी मी केली. एवढ्या वेळात फोनमधून वारा ऐकू येत होता आणि मधेच पहारेकरी कोणालातरी गाडी बाजूला घ्यायला सांगत होता.

"झाली का वं सही?" फोनमधून विचारलं.

"झाली, बाबा," मुलगी म्हणाली.

"हं. मंग जेवून घ्या सगळे."

आणि त्यांनी फोन ठेवला नाही. मुलीनंही ठेवला नाही. बापलेक दोघंही काही बोलत नव्हते, आणि साहेब बाई शिक्का हातात धरून थांबल्या होत्या.